बारा तासांची शिफ्ट आणि सिंगल ओटी: आधी हिशोब मांड, मग भांड

चाकणहून एका २६ वर्षांच्या मुलाने विचारलंय. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तीन वर्षं ठेकेदारामार्फत काम करतोय, शिफ्ट सकाळी ८ ते रात्री ८, आठवड्याचे सहा दिवस, मध्ये अर्धा तास जेवण. पगार महिना १८,२०० आणि ओटी (ओव्हरटाइम) म्हणून रोजचे ३ तास सिंगल, म्हणजे एकपट रेटने, तेही वेगळ्या वाऊचरवर. कामाला लागताना "ओटी सिंगल रेटने मान्य आहे" अशा कागदावर सही घेतलीय. त्याचा प्रश्न असा की "काका, सही केलीय मग आता काही करता येईल का, आणि केलं तर नोकरी जाईल का?"

तू काका म्हणालास म्हणून मीही तूच म्हणतो. मी १९९० च्या दशकात एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीची नोंद ठेवणाऱ्या खात्यात, क्लार्क म्हणून लागलो, नंतर पगारपत्रकं केली आणि गेली बरीच वर्षं कामगारांच्या बाजूने हेच हिशोब मांडून देतोय, त्यामुळे दोन्हीकडून हे कसं चालतं ते बघितलंय.

सहीचं आधी सांगतो कारण तीच तुला आतून खातेय. त्या सहीला काही किंमत नाही. कायद्याने जे कमीत कमी दिलंय त्याच्या खाली जायला कामगार स्वतः जरी हो म्हणाला तरी तो करार रद्दच धरला जातो, हे १९४८ च्या किमान वेतन कायद्यात स्पष्ट होतं आणि आता त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यात, वेतन संहितेतही आहे. सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये एशियाडच्या (दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या) बांधकाम मजुरांच्या केसमध्ये तर त्याच्याही पुढे जाऊन सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे घटनेच्या कलम २३ मधली वेठबिगारी, कारण पोटाला भूक असलेला माणूस "मान्य आहे" म्हणतो ती त्याची मर्जी नसते. म्हणजे "तू कबूल करून आलास" हे उत्तर संपलं. ते परत कोणी तोंडावर फेकलं तर वाद घालू नकोस, गप्प बस आणि घरी जाऊन वही उघड.

सगळा खेळ वहीचा आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांना आपल्यावर अन्याय झालाय हे पक्कं माहीत असतं पण किती रुपयांचा झालाय ते सांगता येत नाही, आणि साहेबासमोर "आमचे पैसे खाल्ले" म्हटलं की साहेब म्हणतो किती, कुठल्या महिन्याचे, दाखवा, आणि तिथेच माणूस गडबडतो. म्हणून तुझाच हिशोब इथे करून दाखवतो, तू तुझ्या स्लिपवरचे आकडे टाक.

आधी तास. ८ ते ८ म्हणजे १२, त्यातला अर्धा तास जेवणाचा गेला तर काम ११.५ तास, सहा दिवसांचे ६९. कायद्याचा आठवडा ४८ तासांचा. ६९ वजा ४८ म्हणजे २१ तास ओटी, रोजचे साडेतीन. २६ दिवसांचा महिना धरला तर ९१ तास होतात. तुला मिळतात ३ गुणिले २६ म्हणजे ७८ तासांचे. हे १३ तास कुठे गेले? तुझी जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असूनही मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, एक तास कापलाय, दुसरं काही नाही. ही चोरी कोणाच्या डोळ्यात येत नाही कारण रोजची फक्त अर्ध्या तासाची आहे.

आता रेट. तुझ्या स्लिपवर मूळ पगार ७,८००, विशेष भत्ता ५,२००, घरभाडे ३,९०० आणि वाहन भत्ता १,३००, असे मिळून १८,२००. ठेकेदार ओटी काढताना फक्त मूळ पगार घेतो, म्हणजे ७,८०० भागिले २६ म्हणजे ३००, भागिले ८ म्हणजे तासाला ३७.५० रुपये. महिन्याला ७८ तासांचे २,९२५ रुपये, तू सांगितलेल्या वाऊचरच्या आकड्याशी जुळतंय ना?

कायद्याने काय मिळायला हवं तर १९४८ च्या कारखाने अधिनियमात ओटीचा रेट दुप्पट होता, आणि दुप्पट कशाच्या तर मूळ पगार अधिक तुला नियमित मिळणारे भत्ते, त्यातून बोनस आणि ओटी स्वतः वगळून. त्या हिशोबाने १८,२०० भागिले २६ म्हणजे ७००, भागिले ८ म्हणजे ८७.५०, दुप्पट १७५ रुपये तास. ९१ तासांचे १५,९२५. मिळाले २,९२५. फरक महिन्याला बरोबर १३,००० रुपये, वर्षाचे १,५६,०००. हा आकडा वाचून तू जरा थांबला असशील. मी हा हिशोब पहिल्यांदा मांडून दाखवतो तेव्हा समोरचा माणूस दोन मिनिटं काही बोलत नाही, मग हळूच विचारतो की गुणाकार चुकला नाही ना.

इथे एक गोष्ट नीट समजून घे कारण समोरचा वकील हीच काढणार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, वेतन संहिता त्यातलीच. ओटी त्यातही दुप्पटच आहे, पण "वेतन" या शब्दाची व्याख्या बदललीय. घरभाडे आणि वाहन भत्ता आता त्यातून बाहेर जातात, मात्र अशी बाहेर काढलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेली तर वरचा भाग परत वेतनात धरायचा. विशेष भत्त्याचं नाव त्या वगळलेल्या यादीत नाही, म्हणून तो आत राहतो. तुझ्या केसमध्ये बाहेर गेले ५,२००, ते निम्म्याच्या बरेच खाली आहेत, तेव्हा वेतन उरलं १३,०००. भागिले २६ म्हणजे ५००, तासाला ६२.५०, दुप्पट १२५. ९१ तासांचे ११,३७५ आणि फरक ८,४५०. म्हणजे तुझ्या अर्जात दोन तक्ते लागतील, २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीचा एक आणि नंतरचा एक. कामगाराच्या बाजूने बघितलं तर ओटीच्या बाबतीत ही नवी व्याख्या मला पटलेली नाही, भत्त्यांची फोड करून रेट खाली आणायची सवय मालकांना आधीच आहे, पण अर्जात जे कायद्यात आहे तेच लिहायचं नाहीतर एका चुकीच्या आकड्यापायी सगळा अर्ज संशयात येतो.

मध्येच एक गोष्ट तपास. महाराष्ट्रात किमान वेतन हे मूळ दर आणि महागाईशी जोडलेला विशेष भत्ता मिळून ठरतं, तो भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो, आणि दर उद्योगाप्रमाणे, परिमंडळाप्रमाणे, कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वेगळे असतात. तीन वर्षं मशीन चालवणारा माणूस कागदावर "अकुशल मदतनीस" असतो हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिला प्रश्न तोच विचारतो. तुझ्या स्लिपवर तुझी वर्गवारी काय लिहिलीय बघ, आणि बाजूच्या लाईनवरच्या बायकांना त्याच कामाचे कमी मिळत असतील तर तोही वेगळा गुन्हा आहे, १९७६ पासून कायद्याने बंद आहे.

आता पुरावा. माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, ती सांगताना मला अजून बरं वाटत नाही. टाइम ऑफिसात असताना मला दोन मस्टर ठेवायला लावायचे, एक पक्कं आणि एक कच्चं. कच्च्यात खरे तास, त्यावरून वाऊचरने पैसे द्यायचे, आणि पक्क्यात सगळ्यांची हजेरी ८ ते ५, सुबक अक्षरात, इन्स्पेक्टरला दाखवायला. ते सुबक अक्षर माझं होतं. दोन वर्षं मी ते केलं. मग एकदा रात्री नऊच्या सुमारास एका हेल्परचा हात प्रेसमध्ये गेला आणि पक्क्या मस्टरप्रमाणे तो माणूस त्या वेळी कारखान्यात नव्हताच. त्याच्या बायकोने भरपाई मागितली तेव्हा तो तिथे काय करत होता असं कंपनीने विचारलं. त्या महिन्यानंतर मी ती नोकरी सोडली. वाऊचरचा ओटी म्हणजे फक्त पैशांचा प्रश्न नाही हे यासाठी सांगतोय, तू रात्री आठपर्यंत त्या आवारात आहेस हे कागदावर असणं तुझ्या जिवाशी जोडलेलं आहे.

म्हणून स्वतःची नोंद ठेव. माझ्या पाहण्यातला सगळ्यात भक्कम पुरावा एका पॅकिंग करणाऱ्या ताईंचा होता, शिक्षण सातवी, घरच्या कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांच्या शेजारी रोज आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहिलेली, सलग चौदा महिने. कंपनीच्या वकिलाने विचारलं की हे मागाहून लिहिलं कशावरून नाही, तर त्यांनी दाखवलं की अमुक दिवशी दूध नाही आणि त्याच चौकटीत कामाची नोंदही नाही कारण त्या दिवशी त्या गावाला गेल्या होत्या, आणि कंपनीच्याच मस्टरमध्ये तो दिवस गैरहजर होता. पुढच्या तारखेला कंपनी तडजोडीला आली. रोजच्या रोज लिहिलेल्या साध्या नोंदीत जी ताकद असते ती एका बैठकीत आठवून केलेल्या तक्त्यात येत नाही. तू मोबाईलवर लिही किंवा वहीत लिही, पण त्याच दिवशी लिही, तारीख, आत, बाहेर, आणि त्या दिवसाचं काहीतरी एक, कुठली मशीन बंद पडली, कुठला माल गेला.

सोबत लाईन सुपरवायझरचे "आज सगळे थांबा, गाडी भरायचीय" असले मेसेज जपून ठेव, वाऊचर मिळतं तेव्हा त्याचा फोटो काढ, बँकेचं पासबुक भरून घे, कंपनी बसने जात असशील तर बसची वेळ. एक सावधगिरी मात्र पाळ, ड्रॉइंग, मशीन, मालाचे फोटो अजिबात काढू नकोस आणि कंपनीचं रजिस्टर उचलून आणू नकोस, पैशांची तक्रार बाजूला पडते आणि तुझ्यावरच चोरीचा आळ येतो. आपल्या बाजूची एक चांगली गोष्ट अशी की पैसे दिले आहेत हे सिद्ध करायची जबाबदारी वेतन संहितेने मालकावर टाकलीय. तास तू दाखवायचे, पैसे दिल्याचं त्याने दाखवायचं.

ओटीशिवाय बाकीची गळतीही वहीत घे. शिफ्ट आधी पंधरा मिनिटं मीटिंगला बोलावतात आणि पंचिंग त्यानंतर करायला लावतात का? रोजची १५ मिनिटं म्हणजे महिन्याला साडेसहा तास, १२५ च्या रेटने ८१२ रुपये ५० पैसे. दहा मिनिटं उशीर झाला म्हणून अर्धा दिवस कापतात का? जेवढा वेळ नव्हतास तेवढ्याच वेळाचे पैसे कापता येतात, त्याहून जास्त नाही. दंड लावला तर तो त्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही आणि तुला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय लावताच येत नाही. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. आणि "ओटीच्या बदल्यात सुट्टी घे" हा प्रकार, साप्ताहिक सुट्टीला बोलावलं तर बदली सुट्टी द्यावीच लागते पण त्या आठवड्यातले ४८ च्या वरचे तास त्याने पुसले जात नाहीत.

तुझ्या मित्राला "लाईन लीडर" केलं म्हणून त्याचा ओटी बंद झाला असंही तू लिहिलंयस. नुसत्या नावाने काही होत नाही. कोर्ट हुद्दा बघत नाही, दिवसभर तो काय करतो ते बघतं. तो स्वतः मशीनवर उभा असेल, रजा मंजूर करायचा किंवा कोणाला ठेवायचा काढायचा अधिकार त्याच्याकडे नसेल, तर टोपीचा रंग बदलला एवढंच झालं. त्याने रोज काय काम केलं ते लिहायला आजपासून सुरुवात करावी.

तुम्ही ठेकेदाराचे म्हणून कंपनी हात वर करेल. करू दे. ठेकेदाराने पैसे दिले नाहीत तर मुख्य मालकाने द्यायचे हे जुन्या कंत्राटी कामगार कायद्यातही होतं आणि नव्या संहितेतही आहे, त्याने नंतर ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यावेत. म्हणून अर्ज करताना दोघांचीही नावं टाक. नुसतं ठेकेदाराचं टाकलं आणि तो वर्षाअखेर पाटी बदलून गेला की हातात कागद राहतो.

"मंदी आहे, परवडत नाही" हे ऐकायला मिळेल. २०२० मध्ये कोविडच्या काळात गुजरात सरकारने कारखान्यांना बारा तास काम आणि ओटी साध्या दराने अशी सूट दिली होती. १ ऑक्टोबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने ती अधिसूचना रद्द केली आणि त्या काळातल्या ओटीचे पैसे कायद्याच्या दराने द्यायला सांगितले. अख्खा देश बंद असताना जे चाललं नाही ते एका ऑर्डरच्या घाईत कसं चालेल? दुप्पट दराचा हेतूच असा आहे की जादा वेळ महाग पडावा आणि मालकाने दुसरी शिफ्ट लावून आणखी माणसं घ्यावीत. या महाराष्ट्रात नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली तेव्हा रविवारची सुट्टीसुद्धा नव्हती, ती मिळायला १८९० उजाडलं. आणि आठवड्याला ४८ तास हे १९४६ मध्ये आले, बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना. या तासांमागे इतक्या पिढ्या आहेत, म्हणून साडेतीन तास कोणी फुकटात घेतो तेव्हा मला राग येतो, आजही येतो.

आता करायचं काय. एकटा जाऊ नकोस, ही माझी सगळ्यात कळकळीची सूचना. एका जणाचा अर्ज गेला की त्याची पाळी बदलते, मग खातं बदलतं, मग गेटवर "उद्यापासून येऊ नको". पाच सहा जणांचा एकत्र अर्ज करता येतो, नोंदणीकृत युनियनही तुमच्या वतीने करू शकते, आणि नावं उघडी पडायची भीती असेल तर युनियनमार्फतच जा. आधी ठेकेदार आणि कंपनी दोघांना साध्या भाषेत लेखी मागणी द्या, तक्ता जोडून, आणि पोच घ्या, घेत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. पंधरा दिवस वाट बघा. मग पैशांचा अर्ज कामगार आयुक्तांच्या कार्यालयात आणि तासांची, मस्टरची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयात. ही दोन वेगळी दारं आहेत आणि लोक चुकीच्या दारात वर्ष घालवतात. दुकान, ऑफिस, हॉटेलात काम करणारे कोणी हे वाचत असतील तर तुम्हाला महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे, दुप्पट तिथेही आहे, आणि तुमचा रस्ता कामगार आयुक्तांकडेच जातो.

ओटीच्या तासांना तिमाहीची मर्यादा असते, १९४८ च्या मूळ कायद्यात ती ५० तास होती आणि पुढे वाढत गेली, तुझे तिमाहीला २७३ तास होतात म्हणजे ती कधीच ओलांडलीय. यावर काही साहेब म्हणतात की मर्यादेवरचा ओटी आम्ही मान्यच केला नाही म्हणून पैसे नाहीत. काम करून घेतलं की पैसे द्यावेच लागतात, मर्यादा मोडणं हा मालकाचा वेगळा गुन्हा.

मुदत लक्षात ठेव. वेतन संहितेत दावा करायला तीन वर्षं आहेत, पण त्याआधीच्या कायद्यात मुदत फारच कमी होती, पगाराच्या कपातीला बारा महिने आणि किमान वेतनाला सहा, म्हणून तुझे जुने महिने कसे धरायचे ते अर्ज करण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवून घे, आणि यात वेळ घालवू नकोस. दावा खरा ठरला तर बुडवलेल्या रकमेशिवाय तिच्या दहा पटीपर्यंत भरपाई द्यायला लावायचा अधिकार त्या अधिकाऱ्याला असतो. दहा पट मिळेल असं धरून चालू नकोस, मी तसं क्वचित पाहिलंय, पण तडजोडीला बसताना समोरच्याला ती भीती असते आणि त्याचा उपयोग होतो.

नोकरी जाईल का? जाऊ शकते, खोटं कशाला सांगू. काढून टाकलं तर तुझा सगळा उरलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो, राजीनामा दिलास तरी आता तेच. फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या कागदावर "आता काहीही येणं बाकी नाही" असं छापलेलं असतं, पैसे घ्यायचे पण सहीच्या वर स्वतःच्या हाताने "ओटीची मागणी कायम ठेवून" असं लिहायचं. कोऱ्या कागदावर, तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही करायची नाही, कितीही गोड बोलले तरी. आणि तक्रार केल्यानंतर लगेच काढलं तर ते काढणंच संशयास्पद ठरतं, त्यासाठी तुझ्या अर्जाच्या पोचेवरची तारीख जपून ठेव, ती काढल्याच्या तारखेच्या आधीची आहे हेच पुढे कामाला येतं.

सध्या तरी गेल्या बारा महिन्यांच्या स्लिपा, हातात असतील तेवढी वाऊचर आणि पासबुक एका फाइलला लाव, वर दिलेल्या पद्धतीने एकाच महिन्याचा तक्ता कर, आणि लाईनवरच्या ज्या चौघांवर विश्वास आहे त्यांच्यासोबत बसून त्यांचाही कर. आकडे जुळत नसतील तर स्लिपवरचे चारही रकाने इथे टाक, नाव कंपनीचं झाकून, मी बघून सांगतो.